चालू आणि जायचंय

मार्चच्या सुरुवातीला वारा चलथाणच्या बाजूने वाहू लागला की सुरतेच्या या टोकाला, डिंडोलीत, सकाळी मळीचा वास येतो. आंबूस, गोड, तळाशी थोडा करपलेला. साखर कारखान्याचा हंगाम उतरणीला लागलेला असतो, उसाच्या गाड्यांतून पडलेलं पाचट रस्त्यावर टायरांखाली चिरडून वाळलेलं असतं, आणि त्या वासातून मुलं बोर्डाच्या परीक्षेला निघतात. तोंडात आईने घातलेलं दही-साखर, कपाळावर कुंकू, ओठ पुटपुटत असलेले. मी गॅलरीतून बघत उभा असतो. इतकी वर्षं इंग्रजी शिकवून झाली, परीक्षा माझी नसते, तरी शेवटचं मूल वळणाआड जाईपर्यंत तिथून हलत नाही.

परवा शिकवणीत एका मुलीने विचारलं, "सर, एन्जॉय के बाद टू क्यूँ नहीं लगता?" तिचे आईवडील चोपड्याकडचे. घरात अहिराणी, मैत्रिणींशी गुजराती आणि वर्गात हिंदी, असा तिचा दिवस तीन भाषांत वाटलेला. मी म्हणालो, "काही क्रियापदांपुढे आयएनजी येतं, काहींपुढे टू येतं. मागे यादी दिली आहे, पाठ कर."

"यादी तो लंबी है, सर."

"हो, आहे लांब."

हे सांगताना मी माझे दोन्ही हात टेबलावर दाबून धरले होते. ही सवय जुनी आहे. त्या मुलीला तिचं कारण माहीत असायचं कारण नाही.

कारण आहे ते नव्वदच्या दशकातल्या एका मार्चमध्ये. प्लेग येऊन गेला होता. भीतीने गावाकडे पळालेली माणसं परत आली होती, शहर धुऊन पुसून काढल्यासारखं दिसत होतं, आणि आमच्या खानदेशातून रोज नवी माणसं तापीकाठच्या या शहरात उतरतच होती. मीही त्यांतलाच. एरंडोलकडचा, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला, आणि बी.ए.ने काही होत नाही हे कळल्यावर मामाकडे सुरतेला आलेला. दिवसा कापड मार्केटमध्ये साड्यांची पार्सलं रवाना करायचो आणि संध्याकाळी दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवायचो.

माझ्या स्वभावाबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. लहानपणी वर्गात खडू हरवला तरी माझा चेहरा उतरायचा. आई म्हणायची, "हाई पोऱ्या नही करेल चोरीबी कबूल करी टाकी." न केलेली चोरीसुद्धा कबूल करून टाकणारा मुलगा. कौतुकाने म्हणायची की काळजीने, ते मला अजून कळलेलं नाही.

शिकवणीची खोली एका लूमच्या खात्याला लागून होती. सुरतेत यंत्रमागाच्या शेडला खातं म्हणतात. भिंत एकच. पलीकडे दिवसरात्र शटल धावायचं आणि अलीकडे आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्याभोवती हळूहळू फिरायचं. आवाज इतका की तो आवाज आहे हे काही दिवसांनी विसरायला व्हायचं. फक्त वीज गेली की कळायचं. एकदम शांतता कोसळायची आणि आम्ही सगळे दचकून एकमेकांकडे बघायचो, जणू कुणीतरी काहीतरी बोललं.

त्या आवाजात शिकवणं म्हणजे ओरडणं. पहिल्या महिन्यात माझा घसा बसला. मग माझ्या लक्षात आलं की माझी मुलं आपापसात ओरडत नाहीत. ती हातांनी बोलतात.

हे त्यांनी बापांकडून उचललेलं होतं. खात्यात कारीगर दोन ओळींपलीकडच्या माणसाशी बोलतो ते ओठांनी आणि बोटांनी. तर्जनी गोल फिरवली की मशीन चालू. मूठ आवळली की बंद. दोन बोटं कात्रीसारखी केली की धागा तुटला. अंगठा ओठाला लावला की चहा. पोटावरून हात फिरवला की शेठ आला. आणि पंजा सपाट धरून पुढे सोडला, गाडी निघते तसा, की गावाला जायचंय, माझ्या मशीनवर बदली माणूस बघ. हा शेवटचा हात प्रत्येक कारीगर दिवसातून एकदा तरी करायचा, आणि बहुतेक वेळा तो नुसताच करायचा. जायचं कुणीच नसायचं.

मला जेरंड आणि इन्फिनिटिव्ह शिकवायचे होते. आता वाटतं, आपल्या भाषेत जे एका घरात गुण्यागोविंदाने राहतं, त्याची इंग्रजीने उगाच वाटणी केली आहे. मला वाचायला आवडतं, मला वाचायला हवं, मी वाचायला बसलो: आपलं 'वाचायला' सगळीकडे चालतं, रुसत नाही. अहिराणीत तर 'वाचाले' म्हटलं की झालं. इंग्रजीत मात्र एन्जॉय म्हटलं की रीडिंग आणि वॉन्ट म्हटलं की टू रीड. माझी मुलं बिनधास्त 'आय एन्जॉय टू रीड' लिहायची आणि मी लाल रेघा मारायचो. यादी पाठ करवून घेतली. सकाळी पाठ, संध्याकाळी सपाट.

एका संध्याकाळी, घसा बसलेला असताना, मी फळ्यावर 'फिनिश' लिहिलं आणि नकळत तर्जनी गोल फिरवली. चालू. जे चालू आहे तेच संपवता येतं, म्हणून फिनिश रायटिंग. मग 'होप' लिहिलं आणि पंजा पुढे सोडला. जायचंय. अजून गेलेलो नाही, म्हणून होप टू गो. खोलीत एकदम हशा पिकला. एन्जॉय, अव्हॉइड, माइंड: चालू. वॉन्ट, डिसाइड, प्रॉमिस: जायचंय. सगळीच क्रियापदं या दोन हातांत बसत नाहीत हे मला ठाऊक होतं, पण जी बसत होती ती मुलांच्या अंगात बसली. प्रॉमिसच्या वेळी तर मागून एक आवाज आला, "सर, आमना बाप दर म्हयनाले प्रॉमिस टू गो करस, जात नही!"

त्या दिवसापासून आमचं व्याकरण हातांवर आलं. मला फार आनंद झाला होता. शिकवण्याचा आनंद चढतो, दारूसारखा, आणि त्या नशेत माणूस पुढचं बघत नाही.

त्या हातांत सगळ्यात चपळ हात रंजनाचे होते. रंजना भिलानानांची मुलगी. भिलानाना आमच्या भिंतीपलीकडच्याच खात्यात कारीगर होते. आयुष्य लूमवर गेलं आणि त्यात कान गेले. बाहेरच्या जगात ते बहिरे होते, खात्यात मात्र त्यांचं काहीच अडत नसे, कारण तिथे सगळेच बहिरे. घरातही त्यांच्याशी हातांनीच बोलायचं. त्यामुळे रंजनाला बोलायला आणि हात हलवायला एकाच वयात येऊ लागलं असणार. ती एकटी विचार करत बसली तरी तिची बोटं फ्रॉकच्या घेरावर काहीतरी म्हणत असायची.

माझी मुलं ज्या मराठी शाळेत जात, तिथली बरीचजणं दहावीला इंग्रजी सोडून द्यायची. सोडता यायचं. रंजनाने सोडलं नाही, कारण तिला नर्स व्हायचं होतं आणि त्या कोर्सला इंग्रजीत पास लागत होतं. कुठल्याशा दवाखान्यात पांढऱ्या कपड्यातल्या एका बाईने भिलानानांच्या कानात औषध घालताना त्यांच्याशी हातांनी दोन शब्द बोलायचा प्रयत्न केला होता. चुकीचे हात, पण केले. तेवढं रंजनाला पुरलं. तिची आई दारात साड्यांचा ढीग घेऊन बसायची, साडीच्या पाठीवरचे सुटे धागे कापायची. ती मला म्हणाली होती, "एक डाव, सर. एक डाव पेपर देऊ दे तिले. पास जयी त भलं. नही त मंग मन्हाजोडे बठी." म्हणजे माझ्याशेजारी कात्री घेऊन बसेल. ती हे रागाने म्हणाली नव्हती. त्यांच्या घरात कुणाला दुसरी संधी मिळाल्याचं तिने पाहिलेलंच नव्हतं.

इंग्रजीच्या पेपराच्या दिवशी मी मार्केटातून सुट्टी घेतली. केंद्र रेल्वेलाइनीच्या पलीकडच्या एका गुजराती शाळेत होतं. फाटकाबाहेर उसाच्या रसाची गाडी, तिचा घुंगरू लावलेला चरक, बर्फ फोडण्याचा आवाज, आणि भिंतीच्या सावलीत बसलेले आईबाप. भिलानाना पाळी संपवून थेट तिथेच आले होते. खात्यातला कापूस त्यांच्या भुवयांवर तसाच होता. मला बघून त्यांनी पंजा उचलून विचारलं, कसं काय? मी तर्जनी फिरवली. चालू. ते हसले, भिंतीला टेकले आणि बसल्या बसल्या झोपले. लूमवरच्या माणसाला शांततेत फार गाढ झोप लागते.

पेपर सुटला. आमची मुलं बाहेर आली. रंजना आली नाही. संगीता नावाची तिची मैत्रीण धावत माझ्याकडे आली. "सर, रंजनाले बेननी बसाडी ठेयं!"

"काय जयं?"

"आम्हना हात हालनात, सर. तो रिकाम्या जागांचा प्रश्न आला ना, एन्जॉय, वॉन्टवाला... सगळ्यांचेच हात हलले. सुपरवायझर म्हणे तुम्ही इशाऱ्याने कॉपी करता. रंजना पहिल्या बेंचवर होती ना. म्हणे हीच सगळ्यांना सांगे."

मराठी शाळेच्या मुलांचे नंबर ओळीने लागलेले. सगळी एका रांगेत, एकामागे एक. मी ते डोळ्यांपुढे आणलं: हॉलमध्ये शांतता, पंखे फिरताहेत, आणि माझी मुलं एकाच प्रश्नाशी पोहोचतात. एकामागून एक हात उठतात. गोल, सपाट, गोल. लूमवाल्यांच्या पोरांशिवाय ही चूक कुणाच्या हातून झाली असती? आणि ती त्यांची चूक तरी कुठे होती.

मी आत गेलो. केंद्राच्या मोठ्या बेन टेबलामागे बसल्या होत्या. गुजरातेत शिक्षिकेला बेन म्हणतात. या वयाने मोठ्या, जाड चष्म्याच्या, समोर ताकाचा ग्लास. एक तरुण सुपरवायझर हाताची घडी घालून उभा. आणि कोपऱ्यात रंजना. ती रडत नव्हती. मी आत शिरलो तेव्हा ती गुजरातीत सांगत होती, "खाली चडी गई हती, बेन." हाताला मुंग्या आल्या होत्या, म्हणून झटकत होते. आणि बेन मान हलवत होत्या. आता मला खात्रीने सांगता येतं, त्यांना ते पटत आलं होतं. निदान पटवून घ्यायची त्यांची तयारी होती. चार मुलांना दम भरायचा आणि गठ्ठा सीलबंद करायचा, इतकंच त्यांच्या डोक्यात होतं. नाहीतर अहवालात नाव गेलं असतं, आणि नाव गेलं म्हणजे त्या वर्षाचे सगळेच पेपर गेले असते.

रंजनाने माझ्याकडे बघितलं. तिचा उजवा हात फ्रॉकच्या बाजूला लोंबत होता. तिने मूठ आवळली.

बंद.

मला ती दिसली. हे मी कधीच नाकारलेलं नाही. मला मूठ दिसली, तिचा अर्थ कळला, आणि तरीही मी बोललो. "बेन, यात मुलीचा दोष नाही. हे मी शिकवलंय." अर्ध्या गुजरातीत, अर्ध्या हिंदीत मी सगळं सांगितलं. खातं, आवाज, घसा, फळा. सुपरवायझरला नीट कळावं म्हणून करूनही दाखवलं. हे चालू, हे जायचंय. एन्जॉयला हे, होपला हे. बोलताना मला केवढं हलकं वाटत होतं! गुन्हा माझा, कबुली माझी, आणि कबूल केल्यावर माणूस सुटतो असं मला लहानपणापासून वाटत आलेलं. आपल्याबरोबर दुसरं कुणी बांधलेलं आहे, ते आपल्या कबुलीने आणखी आवळलं जाईल, हा विचार त्या क्षणी मला शिवलाही नाही.

बेननी चष्मा काढला. "मास्तर," त्या म्हणाल्या, "आतापर्यंत मी समजत होते की छोकरीच्या हाताला मुंग्या आल्या. आता तुम्ही मला सांगता की ही भाषा आहे."

सुपरवायझर म्हणाला, "मी तेच तर सांगत होतो, बेन. आणि हे आत आले तेव्हा हिने पुन्हा इशारा केला. मूठ. मी पाहिलं."

"काय म्हणाली ती मुठीने?" बेननी मला विचारलं.

या वेळी मी गप्प राहिलो. पण उशिरा गप्प राहण्याला कुणी शहाणपण म्हणत नाही.

"मला म्हणाली की बोलू नका," रंजना स्वतःच म्हणाली.

बेनचं तोंड एका बाजूने थोडं वाकडं झालं. हसू होतं की काय, सांगता येणार नाही. त्यांनी बाप आलाय का विचारलं. शिपाई भिलानानांना उठवून घेऊन आला. ते दारातच वाकून उभे राहिले, कापसाच्या भुवया, अर्धवट झोप. बेन त्यांना काहीतरी विचारत होत्या आणि ते नुसते बेनच्या ओठांकडे बघत होते. गुजराती ओठ त्यांना वाचता येत नसत. मग त्यांनी मुलीकडे बघितलं आणि हात हलवले. रंजनाने हात हलवले. त्यांनी पुन्हा हलवले.

"काय विचारतात?" बेन म्हणाल्या.

"विचारतात की आत पाणी मिळालं का. मी म्हटलं मिळालं. मग विचारलं की गार होतं का."

बाहेर रसाच्या गाडीचा घुंगरू वाजत होता. बेन त्या दोघांकडे थोडा वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता त्या विरघळतील. पण त्या विरघळणाऱ्यातल्या नव्हत्या. परीक्षा घेणाऱ्या होत्या. त्यांनी गठ्ठ्यातून आमच्या रांगेच्या उत्तरपत्रिका काढल्या, तो प्रश्न उघडला आणि एकेक पान शेजारी शेजारी ठेवलं. रंजनाचं, तिच्या मागच्याचं, त्याच्या मागच्याचं. बोट फिरवत गेल्या.

"मागच्या पोराने जवळजवळ सगळं उलटं लिहिलंय," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याच्या मागच्या मुलीने आणखी तिसरंच. या रांगेत दोन पानं सारखी नाहीत." त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. "मास्तर, तुमची भाषा एकीलाच आली वाटतं."

सुपरवायझर खुदकन हसला. मलाही हसायला यायला हवं होतं. आज येतं. त्या दिवशी कानशिलं तापली. माझ्या खऱ्या बोलण्याने ती मुलगी बुडत होती, आणि माझ्या अपुऱ्या शिकवण्याने ती वर आली. नीट शिकवलं असतं, सगळ्यांची उत्तरं बरोबर आली असती, तर सगळ्यांची सारखी आली असती, आणि मग काय झालं असतं याचा विचार मी अजूनही पूर्ण करत नाही. अर्ध्यावर सोडून देतो.

बेननी पानं परत गठ्ठ्यात घातली. "बोटावर मोजणारा मुलगा चोर नसतो," त्या सुपरवायझरला म्हणाल्या, "पण बोटं मागच्याला दिसतात. उद्यापासून हिचं बाक सगळ्यांच्या मागे लावा. मागे भिंत असू दे. भिंतीला काय सांगायचं ते सांगू दे." आणि मला म्हणाल्या, "तमे जाओ, मास्तर. बहार जई रस पीओ." बाहेर जाऊन रस प्या.

आम्ही रस प्यायलो नाही. भिलानाना पुढे, आम्ही दोघं मागे, लाइनीच्या दिशेने चालत राहिलो. रेल्वेच्या फाटकाशी रंजना म्हणाली, "सर, मी मूठ दखाडी व्हती ना? दिसनी नही का तुम्हले?"

"दिसली."

"मंग कसाले बोलनात?"

मग का बोललात, असं ती विचारत होती. खरं बोलायला हवं होतं म्हणून, असं म्हणणार होतो. पण ते पूर्ण खरं नव्हतं. मला मोकळं व्हायचं होतं म्हणून बोललो. हे मला त्या रस्त्यावर कळलं, मालगाडी जाईपर्यंत फाटकात उभे असताना. डबे मोजावेत तसे माझे स्वतःचे हेतू एकेक करून समोरून गेले, आणि त्यात चांगला म्हणावा असा फारच क्वचित दिसला.

तिच्या आईला संगीताकडून आधीच सगळं कळलेलं होतं. तिने साडीतून मान वर केली नाही. धागा कापला आणि म्हणाली, "तुम्ही चांगला माणूस शेतस, सर. पन खरं बोलानाबी टाइम राहस." इतकंच. मग मला चहा दिला. तो चहा संपवणं ही त्या हंगामातली मला सगळ्यात कठीण गेलेली गोष्ट.

उरलेले पेपर रंजनाने मागच्या बाकावर, भिंतीला पाठ लावून दिले. मी फाटकापर्यंत जायचो आणि आत जायचो नाही. शिकवणीत मी हात वापरणं सोडलं. मुलं विचारायची, "सर, ते चालू-जायचंय करा ना." मी म्हणायचो, यादी पाठ करा. तीच माझी शिक्षा, असं मी ठरवून टाकलं. कुणी दिली नव्हती. शिक्षाही मी आपली आपणच घेऊन आलो, आणि मुलांना ती उगाच भोगायला लागली, हे लिहिताना आत्ता दिसतंय. एक अपराध धुवायला निघालो की माझ्या हातून दुसरा घडतो.

मग एप्रिल आला. पलसाण्याकडच्या रंगाच्या कारखान्यांतून येणारं पाणी नाल्यात कधी जांभळं, कधी हळदीसारखं पिवळं दिसायचं, आणि रंजना सांगायची, आता बाजारात कुठल्या रंगाच्या साड्या येणार ते. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली तशी खाती रिकामी होऊ लागली. सासुरवाशिणी माहेरी, कारीगर गावाला, मशीनवर बदली माणसं. भिलानानाही गेले. भिंतीपलीकडचा आवाज पातळ झाला, वर्गातला माझा आवाज मला नव्याने ऐकू येऊ लागला, आणि तो मला फारसा आवडला नाही. रंजना गेली नाही. "निकाल लागू दे, मंग जासू," म्हणाली. आईशेजारी बसून धागे कापत राहिली. मी येता-जाता बघायचो. तिची कात्री सराईत होत चालली होती. मला त्याचीच भीती वाटायची.

त्या दिवसांत मी मनात एक माफी रचत होतो. पाठ केली होती, वाक्यावाक्याने. सायकलवरून मार्केटात जाताना म्हणायचो, परत येताना म्हणायचो. नापास झाली तर काय म्हणायचं आणि पास झाली तर काय म्हणायचं, दोन्ही तयार. दुसरी माफी थोडी लांब होती, कारण तीत मला रडू येणार होतं.

जूनमध्ये निकाल लागला. ती पास झाली. इंग्रजीत काठावर, पण पास. तिच्या आईने कात्री खाली ठेवली, उठली, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मन्ही आंडेर नर्स व्हयी!" माझी लेक नर्स होईल. भिलानाना गावाहून आले होते. त्यांना काही ऐकू आलं नाही, पण बायकोचं तोंड बघून कळलं. मी माफी काढायला तोंड उघडलं, तेवढ्यात रंजना म्हणाली, "सर, उद्या माझ्याबरोबर येणार का? नर्सिंगच्या शाळेत. आई घाबरते. नानांना ऐकू येत नाही. मोठ्या माणसाला आणा म्हणतात."

माझी माफी तिथेच राहिली. ती बोललो असतो तर मला बरं वाटलं असतं आणि तिला माझी समजूत घालत बसावं लागलं असतं. तिच्या त्या दिवसातलं काहीही मला माझ्यासाठी घ्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. दवाखान्याला जोडलेली नर्सिंगची शाळा होती ती. फिनेलचा वास, लांब व्हरांडा, त्यात रांगेत बसलेल्या मुली आणि त्यांचे पांढऱ्या टोपीतले बाप. आमची पाळी आली. टेबलामागच्या बाईंनी निकालाचा कागद बघितला, इंग्रजीच्या गुणांवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी विचारलं, मराठी शाळेतून आलीस, इथे औषधांची नावं इंग्रजीत, वह्या इंग्रजीत, जमेल का? इंग्रजी कसं आहे तुझं?

"एकदम सारुं," रंजना म्हणाली. अगदी उत्तम.

बाईंनी गुणांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आ कोण छे?" त्यांनी विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट बघत पेन हातात धरून थांबल्या.

मी तोंड उघडणार, इतक्यात रंजना शांतपणे म्हणाली, "अमारा सर छे, बेन. ए कंई बोलशे नहीं." ते काही बोलणार नाहीत.

मी पंख्याकडे बघत राहिलो. बाईंचं पेन कागदावर चालू लागलं.